कपाटाचा आरसा रस्त्याकडे

आप्पा,

काल तुमचं तेरावं झालं आणि आज सकाळपासून विलास माझ्याशी बोलत नाही. राग आला की भिंतीकडे तोंड करून बसायचं, हे तो तुमच्याकडूनच शिकलाय. भावजयीनं चहा दिला तोही कप आपटून. दुपारच्या एसटीनं मी सासरी जाणार आहे. त्याआधी तुमच्याशी बोलून घेते, कारण बावीस वर्षांचं आपलं भांडण तुम्ही अर्धंच टाकून निघून गेलात.

चांगला माणूस गेला, असं तेरा दिवस ऐकतेय. शाळेच्या खोलीला जागा दिलीत, दुष्काळात आपल्या विहिरीवर सगळ्या गावाला पाणी भरू दिलंत, कुणाच्या घरात वाद झाला की मिटवायला गेलात. हे सगळं खरं आहे. म्हणून तर मला तुमचा जास्त राग येतो. एखाद्या नालायक माणसानं केलं असतं तर मी त्याच्या नावानं बोटं मोडून मोकळी झाले असते. तुम्हाला चांगलं काय, वाईट काय, हे नीट कळत होतं. तरी तुम्ही गंगाराम काकांचं नाव मातीत घातलंत आणि मरेपर्यंत ते वर येऊ दिलं नाहीत.

विलास काल म्हणाला, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का. तुम्ही होतात तेव्हा सगळे म्हणायचे, बापाबद्दल असं बोलतात का. मग मी बोलायचं तरी कधी? याचा मुहूर्त कुणीच काढून देत नाही.

माझ्या लग्नाच्या सकाळपासून सुरू करते. तेव्हा आपल्याकडे लग्न मुलाच्या दारात लागायचं, नवरीनं वऱ्हाड घेऊन तिकडे जायचं. पुरुष मंडळी ट्रकमधून पुढे गेली होती. आपल्या लाल ट्रॅक्टरला दोन चाकांची ट्रॉली जोडली होती. तिच्यात मी, आई, आत्या, आणखी दहा-बारा बायका आणि माझा सगळा संसार बसायचा होता. भांडी, दिवाण, गव्हाची चार पोती आणि ते कपाट. जुन्या जालन्यातून तुम्ही स्वतः चार दुकानं फिरून आणलेलं लोखंडी कपाट, दाराला माणूसभर उंचीचा आरसा, आरशाच्या वर पिवळ्या रंगात माझं आणि ह्यांचं नाव.

गंगाराम काका आपल्याकडे सहा वर्षं ट्रॅक्टरवर होते. त्यांचं सगळं घर मेंढरांमागे, हे एकटेच स्टेरिंगवर बसलेले. कापसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली ते जिनिंगच्या अरुंद फाटकातून एका दमात उलटी आत घालायचे आणि मापाडी सुद्धा बघायला उभे राहायचे. त्या सकाळी त्यांनी अंधार फिटायच्या आत सामान भरून ठेवलं होतं. कपाट आडवं करून ट्रॉलीच्या पुढच्या अंगाला, आतमध्ये गोधड्या घालून. पोती त्याच्या शेजारी. बायकांसाठी मागची जागा मोकळी. तुम्ही पटका बांधत बाहेर आलात आणि ओट्यावरच थबकलात.

"आरे गंग्या, कपाट आडवं कशाला घातलं? मढं हाय का ते?"

"आप्पा, वजन पुढं पायजे."

"उभं कर. मागं, फाळक्याला टेकवून. आरसा रस्त्याकडं. आज पिंपळगावचा बाजार हाय, लोकाला दिसू तर दे कोणाची पोरगी चालली ते."

ही आपल्या भागातली रीतच होती, मी एकट्या तुम्हाला बोल लावत नाही. मुलीचं कपाट झाकून नेत नाहीत. ट्रॉलीच्या पार मागच्या टोकाला, जिथं फळीचा फाळका उघडतो तिथं उभं करतात, नावं आणि आरसा बाहेरच्या बाजूला. मागून येणारा सायकलवाला, टपरीवर बसलेला म्हातारा, सगळे वाचतात. लहानपणी अशा ट्रॉल्यांमागे पळत मीही त्या आरशात तोंड बघितलंय.

काकांनी ट्रॉलीच्या दांडीवर हात ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "ही दोन चाकाची हाय आप्पा, तराजूवानी. पुढं वजन आसलं की ट्रॅक्टरवर बसून गप मागं येती. मागं वजन झालं की हुकाला वर उचलती, आन् जरा वेग घेतला की शेपूट हलवाया लागती. एकदा झोल धरला की मंग ट्रॅक्टरलाबी वढून नेती."

"तू मला शिकवून राह्यला का?"

"शिकवत न्हाई. तुमची पोरगी बसून राह्यली तिच्यात, म्हणून बोललो."

तुम्ही आडव्या कपाटाकडे बघितलंत. मला वाटलं, ऐकाल. मग तुम्ही दोन गड्यांना हाक मारलीत, कपाट मागे उभं करून घेतलंत, ते डुगडुगू नये म्हणून गव्हाची चारही पोती त्याच्या पायाशी रचायला लावलीत आणि वर पितळेची सगळी भांडी कपाटातच भरलीत. बायकांना पुढे सरकवलंत. "बायकांचं वजन पुढं आलं, झालं बराबर," असं म्हणून हसलात. काकांनी एकदा पोत्यांकडे बघितलं, एकदा आम्हा बायकांकडे, आणि म्हणाले, "मंग म्या ट्रॅक्टर जोरात न्हेणार न्हाई." तुम्ही म्हणालात, "बघू."

उजव्या मडगार्डवर तुम्ही बसलात. कुंभार पिंपळगावच्या बाजारातून आपण अगदी सावकाश गेलो. लोक बाजूला होत होते, नावं वाचत होते, एका म्हाताऱ्यानं तर आरशात बघून टोपी नीट केली. तुम्ही सारखं मागे वळून बघत होतात आणि तुमचं तोंड एवढं उजळलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटत होतं. माझा बाप मला मिरवतोय, असं वाटत होतं.

बाजारातच उशीर झाला. बाहेर पडलो तसं तुमचं सुरू झालं, जल्दी चल, मुहूर्त टळून राह्यला, व्याही काय म्हणतील. काकांनी थोडा वेग वाढवला. पुढे ओढ्याकडे उतार लागला, खाली फरशीचा पूल. उतारावर आत्या माझ्या खांद्यावर कलंडली. मला वाटलं, डुलकी लागली. मग ती पलीकडे गेली आणि पुन्हा माझ्यावर आली, आणि तिच्यासोबत सगळ्याच बायका आधी डावीकडे, मग उजवीकडे. पहिल्यांदा आम्ही हसलो. मग कपाटाचा दोर करकरायला लागला आणि हसणं थांबलं.

मी नवरी, मान खाली घालून बसायचं होतं. मी मान वर केली. ट्रॉलीच्या पुढच्या फळीला धरून मी उभी राहिले, माझ्यासमोर दोन हातांवर काकांची पाठ होती. त्यांनी रेस सोडली. इंजिनचा आवाज उतरला. ब्रेक मारला नाही, ट्रॉली ज्या बाजूला जात होती तिच्या उलट स्टेरिंग फिरवलं नाही. दोन्ही हातांनी स्टेरिंग सरळ धरून बसले आणि मागे न बघता ओरडले, "बसून राहा! हलू नका कोणी! तिचं तिला थांबू द्या!"

आणि झोल कमी होत होता, आप्पा. हे मी मुद्दाम लिहिते, कारण हे तुम्ही एकदाही कबूल केलं नाहीत. आधी आत्याचा खांदा माझ्या मांडीवर आदळत होता, मग नुसता टेकत होता. आणखी शंभर पावलं मिळाली असती तर आम्ही पुन्हा हसलो असतो.

तेवढ्यात तुम्ही मडगार्डवरून वाकलात. "वढून काढ तिला! ताणली की सरळ येती!" असं म्हणालात आणि स्टेरिंगजवळचा तो हातानं ओढायचा रेसचा दांडा, ज्याला सगळे हातरेस म्हणतात, तो धरून पार खालपर्यंत ओढलात.

का ओढलात, ते मला कळतं. तुमचा जन्म बैलांवर गेला. बैल बिचकून आडवे व्हायला लागले की पराणी टोचून पुढे काढायचे, जू ताणलं की गाडी सरळ येते, हे तुमच्या अंगात भिनलेलं. बैलगाडी बैलांच्या मागे येते. ही उतारावर मागून ढकलत होती आणि तिच्या ढुंगणाशी चार पोती गहू आणि माझं कपाट होतं. सहा वर्षं ट्रॅक्टर दारात असून हे तुम्हाला कळलं नाही, कारण जो सांगत होता तो तुमचा गडी होता.

धूर आला, ट्रॅक्टर ओरडला. ट्रॉलीनं दोन हेलकावे घेतले आणि तिसऱ्याला ती पुलाच्या तोंडाशी कुशीवर पडली. काकांनी तुमचा हात झटकून हातरेस वर ढकलली होती, म्हणून ट्रॅक्टर ओढ्यात गेला नाही. बाकी सगळ्यांना खरचटलं, आईच्या कपाळाला खोक पडली. आत्या मागे फेकली गेली होती, तिचा पाय कपाटाखाली होता.

काकांनी ते कपाट कसं उचललं मला माहीत नाही. आपला पटका सोडून त्यांनी आत्याचा पाय करकचून बांधला, रस्त्यात आडवे उभे राहून एक जीप थांबवली आणि आत्याला घेऊन जालन्याच्या दवाखान्यात गेले. सगळ्या दिवसात तेवढा एकच माणूस शुद्धीवर होता. आणि तोच नंतर पिऊन होता असं ठरलं.

मांडवात पोहोचलो तेव्हा माझ्या शालूला चिखल आणि आत्याचं रक्त होतं. मला एका खोलीत बसवलं. दाराबाहेर बायका बोलत होत्या ते मला ऐकू येत होतं. पोरगी दारात यायच्या आधीच रगत सांडलं. पायगुण बघा. ह्यांच्या मामांनी तर सांगून टाकलं की आज लग्न लावायचं नाही, पुढं बघू. पुढं म्हणजे कधीच नाही, हे आईलाही कळलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. तेव्हा तुमचा आवाज आला.

"पोरीचा काय दोष हाय याच्यात? ड्रायव्हर पिऊन व्हता. माझीच चूक, मला सकाळी वास आला न्हाई."

सगळं एकदम सैल झालं. पिऊन ट्रॅक्टर चालवणारा माणूस सगळ्यांना समजतो. मामा म्हणाले, मग असं सांगा ना. अर्ध्या तासात अंतरपाट धरला गेला. काका तेव्हा जालन्यात आत्याच्या उशाशी होते. ज्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्यांच्या जिवावर माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या.

इथंच आपलं भांडण अडायचं. मी काही बोलले की तुम्ही म्हणायचात, "तुझ्यासाठी बोललो म्या." बरोबर आहे. तुम्ही बोलला नसतात तर मी हळद लागलेली तशीच परत आले असते आणि मग मला कुणी दारात उभं केलं नसतं. ह्यांच्यासारखा सरळ माणूस मिळाला नसता, माझी दोन्ही मुलं झाली नसती. मी उपकार मानते, आप्पा. कुणाच्या तरी मानेवर पाय ठेवून केलेले उपकार मानावे लागतात याचीच मला चीड येते. आणि ते एका दिवसापुरतं होतं. अक्षता पडल्या, लग्न झालं, आता कोण मोडणार होतं? दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. महिन्यानं सांगता आलं असतं. तुम्हाला बावीस वर्षं होती.

पाचव्या दिवशी मी मांडवपरतणीला माहेरी आले. ह्यांचे मामा ओसरीवर बसले होते, तुम्ही त्यांना पान लावून देत होतात. काका अंगणात येऊन उभे राहिले. डोक्याला पटका नव्हता. तो आत्याच्या रक्तानं गेला होता आणि तुम्ही त्यांना दुसरा घेऊन दिला नव्हता.

"आप्पा, गाव म्हणून राह्यलं की म्या पेलो व्हतो. तुम्ही सांगितलं म्हणत्यात."

तुम्ही पानाचा देठ खुडत म्हणालात, "जाऊ दे गंगाराम. झालं ते झालं."

"झालं कसं? तुम्ही माझ्यासंगं व्हता. तुम्हाला माहीत न्हाई का हातरेस..."

"मंग काय मी खोटं बोलून राह्यलो?" तुमचा आवाज एवढा चढला की गोठ्यातली गाय उठली. "पाव्हण्यांसमोर तमाशा करू नको. जा."

मी दाराआड उभी होते. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पाहिलंय हे त्यांना माहीत होतं का नव्हतं, मला कळलं नाही. मी एकोणीस वर्षांची होते, हातावरची मेंदी ओली वाटावी अशी होती, मामा समोर बसले होते. मी दार लोटून घेतलं. तुम्हाला शिव्या घालताना हे मी विसरत नाही, आप्पा. पण तुम्ही पन्नाशीचे होतात आणि ते घर तुमचं होतं.

त्यांना परत कुणी स्टेरिंग दिलं नाही. भावाच्या मेंढरांमागे गेले. मी कधी माहेरी येताना ते रस्त्यात दिसायचे, खांद्यावर घोंगडी, कळप कडेला घेऊन एसटीला वाट देत उभे. उसाची ट्रॉली गेली की तिच्याकडे मान वळवून बघत राहायचे. बघणं त्यांचं हटकून मागच्या चाकांवर आणि दांडीवर असायचं. कुणी विचारलं नसेल त्यांना बावीस वर्षांत, वजन बराबर आहे का म्हणून.

आणि तुम्ही आत्याची सेवा केलीत. गुडघ्याखाली पाय कापलेली बहीण तुम्ही घरी आणली, एकोणीस वर्षं सांभाळली, तिला उचलून उन्हात बसवायचात, तिच्या पाठीला स्वतः तेल लावायचात. आईला सुद्धा हात लावू द्यायचा नाहीत. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी एकदा दिवाळीत सकाळी बघितलं. तुम्ही तांब्या धरून आत्याच्या तोंडावर पाणी घालत होतात आणि ती रोजच्यासारखी म्हणत होती, "त्या मुडद्या गंग्याचं वाटोळं व्हवो." तुम्ही पाणी घालत राहिलात. तिच्या तोंडून शिवी निघायची आणि तुम्ही पुढचा तांब्या भरायचात.

त्याच दिवाळीत मी ते खेळणं आणलं होतं, आठवतं? माझ्या लेकाचा लाकडी ट्रॅक्टर आणि त्याची दोन चाकांची ट्रॉली. तो झोपला तेव्हा मी ओट्याला फळी तिरकी लावली आणि ट्रॉलीत मागच्या बाजूला दगड ठेवून उतारावरून सोडली. अर्ध्यात आल्याबरोबर तिनं शेपूट हलवलं आणि ट्रॅक्टरसकट उलटी झाली. मग तोच दगड पुढे ठेवला. सरळ खाली गेली. तुम्ही खाटेवरून बघत होतात.

"खेळण्याचं काय सांगती मला," म्हणालात आणि तोंड फिरवलंत.

दुपारी मी वाळवण काढायला आले तर तुम्ही एकटे त्या फळीपाशी उकिडवे बसला होतात. दगड मागे ठेवून सोडत होतात, पुढे ठेवून सोडत होतात. सात-आठ वेळा तरी मी मोजलं. एकदा तुम्ही मागे दगड ठेवलात, ट्रॉली हलायला लागली तसं बोटानं ट्रॅक्टरला पुढे ढकललंत, आणि ती तिथंच आडवी झाली. बराच वेळ तुम्ही तिच्याकडे बघत राहिलात. मी आत गेले. मला वाटलं, आता संध्याकाळी तुम्ही काकांकडे जाल. संध्याकाळी तुम्ही मोसंबीच्या बागेत पाणी द्यायला गेलात.

त्या मोसंब्यांचंही सांगते, म्हणजे विलासला वाटायला नको की मी फक्त वाईटच लिहिते. दर महिन्याला तुम्ही पिशवीभर मोसंबी घेऊन माझ्या सासरी यायचात. पायरीवर अर्धा तास बसायचात, आत यायचा नाहीत, काही बोलायचा नाहीत, सासूबाईंना रामराम घालून परत जायचात. मला टायफॉइड झाला तेव्हा तीन आठवडे स्वतःच्या हातानं रस काढून दिलात, बी राहू नये म्हणून दोनदा गाळून. त्या पायरीवर बसलेला माणूस मला अजून दिसतो आणि त्याची माया येते. मग आठवतं, आमच्या गावाकडे यायच्या रस्त्यात तो उतार आहे, तो पूल आहे, तिथं काकांची मेंढरं असायची, आणि तुम्ही दर महिन्याला एसटीच्या खिडकीतून ते बघून पुढे यायचात.

शेवटच्या दिवसांत दवाखान्यात मी पुन्हा विचारलं. तुम्हाला पेज भरवत होते. मी म्हटलं, "आप्पा, आता तरी सांगा. मला नको, त्यांना सांगा. मी बोलावून आणते."

तुम्ही चमचा बाजूला सारलात. मग म्हणालात, "ती त्याला शिव्या द्यायची तवर बरं व्हतं. तिला कळलं आसतं की आपल्याच भावानं..."

बावीस वर्षांत तुम्ही सत्याच्या एवढ्या जवळ पहिल्यांदा आला होतात. मी तिथंच तुमचा हात धरला असता. पण मला राग आवरला नाही. मी म्हटलं, "आत्याला जाऊन तीन वर्षं झाली. ती तीन वर्षं कुणासाठी गप्प होतात?"

तुम्ही पाणी मागितलंत. मी दिलं. त्यानंतर चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. ते वाक्य मी बोलायला नको होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही.

आता कालचं. मांडवात मुख्याध्यापक बोलले, सरपंच बोलले, तुम्ही कधी कुणाचं वाईट केलं नाही असं दोघांनीही सांगितलं. विलासनं माइक माझ्या हातात दिला, "ताई, तूबी दोन शब्द बोल." मी घरून काही ठरवून आले नव्हते. मागे खांबापाशी गंगाराम काका बसले होते, घोंगडीची घडी मांडीवर. सगळ्या गावाला आमंत्रण होतं म्हणून आले होते. त्यांना बघितलं आणि माझं तोंड उघडलं.

मी म्हटलं, "माझ्या लग्नात ट्रॉली उलटली तेव्हा गंगाराम काका पेलेले नव्हते. त्यांनी कपाट पुढं घातलं व्हतं, आप्पांनी मागं करायला लावलं. ट्रॉलीनं झोल धरला तो काकांनी थांबवत आणला व्हता. हातरेस आप्पांनी वढली. मी पाह्यलं, आन् बावीस वर्षं गप बसले."

विलासनं माइक ओढून घेतला. "ताईला दुःखानं काही सुचून नाही राह्यलं," असं काहीतरी म्हणाला. लोक एकमेकांकडे बघत होते. मग एकेकाची मान खांबाकडे वळली.

मला वाटलं, काका रडतील. नाहीतर मला चार शिव्या हासडून निघून जातील, आणि तो त्यांचा हक्क होता. ते उठले, बसलेल्या लोकांतून वाट काढत माझ्यासमोर आले. आता पार वाकलेत.

"शोभा, तू बराबर पाह्यलं का?"

"हो काका."

"तसं न्हाई. नीट आठव. घाई करू नको." त्यांचा आवाज इतका खाली आला होता की मला पुढे वाकावं लागलं. "पयले मला सगळं बराबर आठवायचं. मंग गाव म्हणू लागलं, घरचे म्हणू लागले, तुझाच हात गेला आसंल गडबडीत. मेंढरामागं चालता चालता रोज आठवत राह्यलो. आता डोळे मिटले की मला त्या हातरेसवर माझाच हात दिसतो. खरं सांग पोरी. माझा व्हता का?"

आप्पा, तुम्ही त्यांचं नाव घालवलंत एवढंच मी समजत होते. त्यांच्या डोक्यात घुसून त्यांनी स्वतः केलेलं सुद्धा तुम्ही त्यांच्याकडून काढून नेलं होतं. बाईमाणसानं परक्या पुरुषाचे हात धरायचे नसतात, तेही बापाच्या तेराव्याला. मी दोन्ही धरले.

"तुमचे दोन्ही हात स्टेरिंगवर व्हते, काका. दोन्ही. तो हात आप्पांचा व्हता."

त्यांनी मान हलवली. मग पुन्हा विचारलं, "दोन्ही?" मी हो म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला तुमचा इतका राग आला की समोर तुमचा हार घातलेला फोटो होता, त्याच्याकडे मी बघितलंही नाही.

ते जेवायला थांबले नाहीत. घोंगडी उचलली आणि निघाले. फाटकापाशी गेल्यावर वळले आणि तिथूनच, सगळ्या पंगतीच्या डोक्यावरून, मोठ्यानं विचारलं, "दोन्ही ना गं?"

मी मांडवातून ओरडून सांगितलं, "दोन्ही, काका!" सगळ्या गावानं ऐकलं.